वराहपालनातील प्रतिजैविकांचा मर्यादित वापर

वराहपालनात प्रतिजैविके केवळ आजारी जनावरांच्या उपचारासाठी, पशुवैद्यकाच्या सल्ल्याने वापरणे व वाढीसाठी ती खाद्यात न मिसळणे म्हणजे मर्यादित वापर होय. खाद्यातील अल्प मात्रेने औषधाला दाद न देणारे जिवाणू टिकतात व माणसांपर्यंत पोहोचतात. कोलिस्टिन हे गंभीर रुग्णांसाठीचे अखेरचे औषध असल्याने भारताने जुलै २०१९ मध्ये अन्नोपयोगी प्राण्यांसाठी त्यावर बंदी घातली. डेन्मार्कमध्ये १९९९ अखेर वाढीसाठीचा वापर थांबला, तेव्हा दूध तोडलेल्या पिलांत हगवण वाढली. त्यामुळे बंदीसोबत गोठ्याची स्वच्छता, लसीकरण व पिलांचे दूध उशिरा तोडणे आवश्यक ठरते. लातूर-नांदेड भागातील पशुपालकांना रोगनिदानासाठी उदगीर (जि. लातूर) येथील पशुवैद्यक महाविद्यालय जवळचे आहे.