चरखा आधी थांबला

आज आम्ही आपल्या वऱ्हाडच्या कापसाबद्दल बोलणार आहोत.

कापूस आपण पेरतो, निंदतो, वेचतो आणि विकतो. आपल्या आज्या-पणज्यांच्या आधीच्या बायका आणखी एक काम करायच्या. सरकी काढून, रुई पिंजून, पेळू करून त्या घरी चरख्यावर सूत कातायच्या. ते सूत कोष्टी आणि महार विणकर घ्यायचे. त्याची लुगडी, धोतरं, पासोड्या व्हायच्या आणि कातणारीच्या हातात चार पैसे यायचे.

१८५३ साली इंग्रजांनी फौजेच्या खर्चापोटी निजामाकडून वऱ्हाडचा कारभार घेतला. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून इकडचे भाव चढले. १८६५ साली युद्ध संपलं आणि भाव कोसळले. पण कापूस बाहेर जायची वाट पडली होती. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली, १८७० साली खामगावला फाटा गेला. जाताना गाडी रुईच्या गाठी न्यायची, येताना विलायती सूत आणि कापड आणायची.

यंत्राचं सूत स्वस्त आणि एकसारखं. विणकरांनी ते घेतलं, म्हणून त्यांचे माग काही काळ टिकले. चरखा मात्र आधी थांबला. बाईची घरबसल्या मिळकत गेली, आणि त्याची ओरड कुठे झाली नाही. पुढे कितीतरी बायका जिनात रोजाने जाऊ लागल्या. १८९१ साली कारखान्यांत बायकांना दिवसाला अकरा तासांपेक्षा जास्त राबवू नये असा कायदा करावा लागला. यावरून तिथली मेहनत ओळखा.

नागपुरात १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू झाली. पण १८९६ साली सरकारने विलायती कापडावर साडेतीन टक्के जकात ठेवली, तेव्हा देशी गिरण्यांच्या कापडावरही तेवढाच कर लावला. विलायतेच्या गिरणीवाल्यांना इथे चढाओढ नको होती. तो कर १९२६ साली उठला.

मैत्रिणींनो, कच्चा माल घरातून गेला की पुढची कमाई दुसऱ्याच्या हातात जाते. पुढच्या बैठकीत एक हिशोब मांडा. घरातली सुती साडी तराजूत ठेवा. कापसातून साधारण तिसरा हिस्सा रुई निघते, म्हणून साडीच्या तिप्पट वजनाचा कापूस धरा. त्याचे आपल्याला किती मिळाले आणि साडीला आपण किती मोजले? मधले पैसे कुठे गेले, यावर गटात बोला.