कूले वाम्पे

कूले वाम्पे : बर्लिनमधील एका बेकार कामगार-कुटुंबाच्या जीवनावरील जर्मन बोलपट (1932). ‘अथवा जग कोणाचे?’ हे त्याचे उपशीर्षक. दिग्दर्शन मूळचे बल्गेरियन असलेले स्लाटान दुदोव यांचे, पटकथा बर्टोल्ट ब्रेख्त व अर्न्स्ट ओटवाल्ट यांची आणि संगीत हान्स आइस्लर यांचे. मात्र संहितेतील कोणता भाग कोणाच्या लेखणीतून उतरला, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. बर्लिनच्या आग्नेयेस म्युगेलझे सरोवराच्या काठी तंबूंची जी वसाहत होती, तिचे नाव बोलपटास मिळाले.

निर्मिती : ज्या संगीतिकेवरून पु. ल. देशपांडे यांनी पुढे ‘तीन पैशाचा तमाशा’ रचला, तिच्या चित्रपटरूपाबाबत तिचे लेखक ब्रेख्त यांनी 1930 मध्ये निर्मात्यांवर दावा लावला होता व न्यायालयाने तो फेटाळला होता. या अनुभवाने सावध झालेल्या लेखक-दिग्दर्शकांनी प्रस्तुत बोलपटाचे कायदेशीर हक्क करारनाम्यानेच स्वतःकडे ठेवले आणि त्यापायी नेहमीच्या मोबदल्यावर पाणी सोडले. चित्रीकरण 1931 च्या उत्तरार्धात सुरू झाले. परंतु डाव्या विचारांची प्रोमेथेउस ही निर्मितीसंस्था मध्येच दिवाळखोरीत निघाली आणि उरलेले काम स्वित्झर्लंडच्या प्रेझेन्स कंपनीच्या पैशाने तडीस गेले.

कथा : कामाच्या शोधात सायकलींवरून एका कारखान्याच्या दारातून दुसऱ्याच्या दारात धाव घेणारे तरुण आरंभी दिसतात. त्यांतला एक, बोनिके कुटुंबाचा मुलगा, रिकाम्या हातांनी घरी येतो, जेवताना बापाचे बोल ऐकतो, आणि घरची माणसे इकडे तिकडे होताच मनगटावरचे घड्याळ उतरवून मेजावर ठेवतो व खिडकीतून उडी टाकतो. ना आक्रोश, ना चिठ्ठी, ना वाद्यमेळ. आपल्यामागे घरच्यांच्या उपयोगी पडेल अशी एकच वस्तू त्याच्यापाशी होती व ती त्याने सुरक्षित ठेवली, एवढेच दिग्दर्शकाने दाखविले आहे. आणि दारिद्र्याचे चित्रण करताना अश्रूंची उधळण करणाऱ्या शेकडो चित्रपटांपेक्षा हे एक दृश्य अधिक सत्य आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. खाली जमलेल्या शेजाऱ्यांपैकी एक बाई बेकारांतला एक कमी झाला, असे म्हणते. भाडे थकल्याने न्यायालयाच्या हुकुमाने कुटुंबास घराबाहेर काढले जाते व त्याचा मुक्काम तंबूत पडतो. तेथील एका प्रसंगी बाप माताहारी या नर्तकीविषयीचा वृत्तपत्रातील मजकूर अडखळत वाचीत असतो, आई घरखर्चाचा हिशेब मांडीत असते आणि पडद्यावर जिनसांच्या किमती एकामागून एक उमटत जातात. घरात कमावती एकटी मुलगी आन्नी. ती गरोदर राहते, वाङ्‌निश्चयाच्या मेजवानीत नातलग खाण्यापिण्यावर ताव मारीत असतानाच तिचा प्रियकर फ्रिट्झ याला हे लग्न ओझे वाटते हे तिला उमगते, आणि ती त्याला सोडून शहरात मैत्रिणीकडे जाते. उत्तरार्ध कामगारांच्या क्रीडामहोत्सवाचा आहे. तो उत्साही, पण बराचसा प्रचारकी. शेवटी परतीच्या आगगाडीत, ब्राझीलमध्ये 2 कोटी 40 लाख पौंड कॉफी जाळून टाकल्याच्या बातमीवरून प्रवाशांत वाद जुंपतो.

अभिनय : आन्नीच्या भूमिकेत हेर्टा टीले व फ्रिट्झच्या भूमिकेत अर्न्स्ट बुश.

संगीत : आइस्लर यांचे एकजुटीचे गीत पुढे स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाले. एक गीत हेलेने वायगेल यांच्या आवाजात आहे.

परीक्षण व मनाई : मार्च 1932 च्या अखेरीस बर्लिनच्या चित्रपट-परीक्षण मंडळाने बोलपटास मनाई केली, वरिष्ठ मंडळाने एप्रिलमध्ये तोच हुकूम कायम केला, आणि वृत्तपत्रांतून व सभांतून निषेध झाल्यावर त्याच महिन्यात काटछाट केलेल्या प्रतीस परवानगी मिळाली. राष्ट्राध्यक्ष, न्यायसंस्था व धर्म या तिहींची अप्रतिष्ठा होते, असा आक्षेप होता. चान्सलर ब्रुनिंग यांच्या सरकारने राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांच्या सहीने जारी केलेल्या निकडीच्या वटहुकुमांनी तरुण बेकारांचा भत्ता छाटला होता आणि बोलपटात आत्महत्येचे कारण तेथवर नेऊन भिडविले होते. घर खाली करण्याचे निवाडे न्यायाधीश यंत्रवत वाचतो. आणि देवळाच्या घंटा वाजत असता तरुण मंडळी नग्नावस्थेत पोहावयास जातात. ही दृश्ये कापली वा बदलली गेली. परीक्षकांशी झालेल्या बोलण्याचा वृत्तांत ब्रेख्त यांनी लिहून ठेवला आहे; तो एकाच पक्षाचा असल्याने जपून वाचावा लागतो. त्यानुसार परीक्षकाची खरी तक्रार अशी होती की, हा मुलगा एक व्यक्ती म्हणून मरत नाही, साऱ्या वर्गाचा प्रतिनिधी म्हणून मरतो, त्यामुळे प्रेक्षकाला हळहळ वाटण्याऐवजी दोष व्यवस्थेकडे जातो. आपली कलादृष्टी सहानुभूतीने लिहिणाऱ्या टीकाकारांपेक्षा या अधिकाऱ्यास नेमकी कळली, असे ब्रेख्त यांना वाटले, आणि ते यथार्थ आहे. जर्मनीतील बेकारांची संख्या त्या वर्षी 60 लाखांवर गेली होती, हे ध्यानी घेतले म्हणजे मंडळाच्या धास्तीचा उलगडा होतो.

पहिला खेळ मे 1932 मध्ये मॉस्कोत झाला व त्याच महिनाअखेर बर्लिनमध्ये.

उत्तरकाल : मार्च 1933 मध्ये नाझी राजवटीने बोलपटावर संपूर्ण बंदी घातली. ब्रेख्त, आइस्लर व दुदोव देशाबाहेर पडले आणि महायुद्धानंतर तिघेही पूर्व बर्लिनमध्ये कामास लागले. ओटवाल्ट सोव्हिएट संघात आश्रयास गेले. तेथे 1936 मध्ये त्यांना अटक झाली आणि 1943 मध्ये श्रमछावणीत त्यांचा मृत्यू झाला.