हेड बोल्टची भोके : तपासणी आणि सीलिंग

इंजिनाचे हेड ब्लॉकवर आवळून धरणारे बोल्ट ब्लॉकच्या ज्या आटे पाडलेल्या भोकांत बसतात, ती हेड बोल्टची भोके. त्यांच्या दोन जाती आहेत. काही भोके जाड ओतिवातच खाली बंद होतात, तर काही आरपार जाऊन वॉटर जॅकेटमध्ये, म्हणजे सिलिंडरभोवती पाणी खेळते त्या पोकळीत, उघडतात. वरून दोन्ही सारखीच दिसतात. बंद भोक कोरडे हवे, उघड्याला सील हवे. यात गल्लत झाली, तर नवे गॅसकेट, नवे पिस्टन, फेसिंग केलेले हेड, सगळा खर्च अक्षरशः पाण्यात जातो.

मावळात हे काम मुख्यतः जुन्या जीप आणि शेतीच्या पाण्याची डिझेल इंजिने यांच्यावर निघते. लोणावळ्याचा वर्षाचा पाऊस 4000 मिलिमीटरांच्या घरात. पवनानगर-कामशेतच्या असल्या दमट हवेत सुटे भाग मिळेपर्यंत हेड उतरवून ठेवलेल्या ब्लॉकला गंज धरायला वेळ लागत नाही, आणि तो आधी आट्यांत शिरतो. म्हणून हेड उतरल्या उतरल्या भोकांत तेलात भिजवलेल्या चिंधीचे बोळे कोंबून ठेवावेत.

जुन्या जीपचे पेट्रोल इंजिन हा या विषयाचा चांगला नमुना आहे. महिंद्राने 1947 पासून मुंबईत विलीस जीप जोडायला घेतल्या. पुढे सीजे-थ्रीबी या नमुन्याबरोबर 'हरिकेन' हे 2199 सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन आले. त्यात इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये अशी विभागणी. त्याचा एक हेड बोल्ट कार्बोरेटरच्या खाली दडलेला असतो. माहीत नसलेला कारागीर बाकीचे सगळे बोल्ट काढतो, हेड हलत नाही म्हणून पहारीने उचकटायला जातो आणि फेसवर ओरखडा पाडून बसतो. डिझेल जीपमध्ये प्यूजोचे एक्सडीपी 4.90 हे इंजिन आले. चार सिलिंडर, 90 मिलिमीटर बोअर, 2112 सीसी. ही इंजिने बांधणारे हात अजून आहेत, पण प्रत्येक इंजिनाचे मॅन्युअल हाताशी असतेच असे नाही. मग भोकालाच विचारावे लागते.

पहिली साक्ष निघालेल्या बोल्टची. पुठ्ठ्यावर हेडचा आकार काढून, भोके पाडून, ज्या जागचा बोल्ट त्याच जागी खोचून ठेवला की चित्र स्पष्ट होते. शेंड्यावर लालसर पापुद्रा असेल तर तिथे पाणी पोहोचत होते. काळे तेलकट टोक बहुधा बंद भोकाचे. दुसरी खूण सायकलच्या स्पोकने मिळते. सगळ्या भोकांची खोली मोजायची. एखादे भोक जोडीदारांपेक्षा उथळ भरले, तर तळाशी गाळ किंवा मोडका तुकडा अडकलेला असतो. तिसरी परीक्षा रॉकेलची: भोक भरून थांबायचे. पातळी उतरली तर रस्ता पाण्याकडे आहे, किंवा ओतीव तडकले आहे. तडकल्याचा संशय असेल तर पृष्ठभाग कोरडा पुसून त्यावर खडूची पूड लावतात. चिरेतून परत झिरपणारे रॉकेल पुडीवर ओली रेघ उमटवते. ही गरिबाची पद्धत. मोठ्या वर्कशॉपमध्ये लाल डाय आणि पांढरा डेव्हलपर वापरतात.

बंद भोकात उरलेले तेल किंवा पाणी हा सगळ्यात घातक प्रकार. द्रव दबत नाही. बोल्ट खाली उतरताना तो त्या द्रवावर जॅकसारखा दाब देतो, पाना 'आवळले' म्हणून सांगतो, हेड मात्र सैलच राहते. जोर वाढवला तर ब्लॉकच तडकतो. म्हणून साफसफाईनंतर कॉम्प्रेसरची हवा मारायची, डोळ्यांवर चष्मा चढवून, कारण भोकातली घाण सरळ तोंडावर येते. कॉम्प्रेसर नसेल तर कापडाची वात सोडून ओल टिपून घ्यावी.

आटे साफ करायला धातू कापणारा नवा टॅप नको, चेझर हवा; तो कातत नाही, फक्त मळ काढतो. हे काम टाळले तर टॉर्क पाना खोटे बोलतो. आवळताना लावलेल्या जोरापैकी साधारण 90 टक्के आट्यांतल्या आणि बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात खर्च होतो. उरलेल्या दहाव्या हिश्श्यानेच हेड दाबले जाते. आट्यांत गंज असेल, तर तोही हिस्सा घर्षणच खाते. भोकाच्या तोंडाशी ओढला गेलेला आटा फेसच्या वर येतो आणि गॅसकेट नीट बसू देत नाही. तिथे हलकासा चॅम्फर मारतात. आटे पूर्ण गेले असतील, तर भोक मोठे करून हेलिकॉइल, म्हणजे तारेच्या गुंडाळीचे नवे आटे, बसवतात किंवा लेथवाल्याकडून बुश मारून घेतात. उघड्या भोकातले बुश बाहेरूनही सील करावे लागते, आणि हीच गोष्ट हमखास विसरली जाते.

उघड्या भोकात जाणाऱ्या बोल्टच्या आट्यांना कडक न होणारा थ्रेड सीलंट लावतात. डोक्याखाली मात्र तेलच. टेफ्लॉन टेपचे तुकडे सुटून पाण्याच्या वाटेत अडकतात, म्हणून ती टाळलेली बरी. 1955 मध्ये आलेल्या शेव्हरोलेच्या छोट्या व्ही-आठ इंजिनात सगळे हेड बोल्ट पाण्यात उतरतात, त्यामुळे तिथे हा नियम कुणी मोडत नाही. मिश्र भोकांच्या इंजिनात चूक होते. सील करायचे राहिले की पाणी आट्यांच्या वळणावळणाने वर चढते, ऑइलमध्ये उतरते आणि डिपस्टिकवर चहासारखा दुधट थर दिसू लागतो. रेडिएटरमध्ये कूलंट असेल, तर त्यातले ग्लायकोल बेअरिंगही खाते.

शेतीच्या पाण्याच्या इंजिनांची गोष्ट थोडी वेगळी. किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना 1946 ची, पुण्याजवळच्या खडकीतली. या घराण्याच्या पाण्याने थंड होणाऱ्या एक-सिलिंडर इंजिनांत हेड स्टड आणि नट यांनी धरलेले असते. स्टड हाताने बसेल इतकाच फिरवायचा, जोर नटवर. त्याची जागा पाण्यात उघडत असेल तर सीलंट लावून लगेच हेड चढवून नट आवळायचे. जीपसारख्या अनेक सिलिंडरच्या हेडवर बोल्ट मधून कडेकडे, दोन-तीन टप्प्यांत आवळतात. जुन्या पद्धतीच्या गॅसकेटच्या इंजिनांत एकदा गरम करून, मॅन्युअल सांगेल त्याप्रमाणे गार किंवा गरम अवस्थेत, टॉर्क पुन्हा तपासतात. तोवर इंजिन लोडवर लावत नाहीत.