यंत्ररचित संगीत आणि निवडीचा प्रश्न

१९५७ साली इलिनॉय विद्यापीठात लेजारेन हिलर व लिओनार्ड आयझॅक्सन यांनी ‘इलियाक’ या गणकयंत्राकरवी चार तंतुवाद्यांसाठी एक रचना सिद्ध केली. यंत्राने यदृच्छेने स्वर काढावेत व नियमांत न बसणारे टाकावेत, अशी तिची मुख्य पद्धती होती. तथापि व्याकरणशुद्ध वाक्य जसे अर्थपूर्ण असतेच असे नाही, तशी नियमशुद्ध रचनाही रसपूर्ण असतेच असे नाही.

१९९४ मध्ये जॉन बाइल्स यांच्या ‘जेनजॅम’ने निराळा मार्ग धरला. जॅझमधील स्वरखंडांच्या पिढ्या संकर व उत्परिवर्तन यांनी घडवावयाच्या आणि वादन चालू असतानाच श्रोत्याने त्यांचे बरेवाईट ठरवावयाचे. निसर्गातील योग्यतेच्या कसोटीची जागा येथे मनुष्याच्या कानाने घेतली. परंतु यंत्र थकत नाही, कान थकतो. हीच या पद्धतीची अडचण ठरली. म्हणून २००१ मध्ये बाइल्स यांनी ही परीक्षाच वगळली. आरंभीची पिढी त्यांनी जॅझच्या प्रचलित स्वरखंडांतून घेतली आणि संकरही सांगीतिक गुण टिकतील असा योजिला.

तात्पर्य, निवड नाहीशी झाली नाही. ती श्रोत्याकडून परंपरेकडे गेली. यंत्राच्या प्रतिभेविषयी निर्णय देण्यापूर्वी ही निवड कोणी व केव्हा केली, हे पाहणे अगत्याचे आहे.