अनेक कार्बुरेटरांची जुळणी

एकाच पेट्रोल इंजिनावर बसविलेल्या दोन किंवा अधिक कार्बुरेटरांमधून सर्व सिलिंडरांना सारखी हवा आणि योग्य प्रमाणात इंधन मिळावे, यासाठी केल्या जाणाऱ्या समायोजनास अनेक कार्बुरेटरांची जुळणी असे म्हणतात. गॅरेजच्या बोलीत या कामासाठी 'ट्यूनिंग' हा शब्द रूढ आहे. १९६० च्या दशकातील अमेरिकन 'मसल कार' प्रकारच्या मोटारी आणि भारतातील राजदूत ३५० ही मोटारसायकल ही या रचनेची परिचित उदाहरणे होत. जुळणी सदोष राहिल्यास इंधनाचा अपव्यय होतो, धूर वाढतो आणि प्रसंगी पिस्टन जळून इंजिन निकामी होते.

तत्त्व

कार्बुरेटरच्या अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाते, तेव्हा तेथील दाब कमी होतो आणि फ्लोट कक्षातील पेट्रोल जेटमधून त्या प्रवाहात ओढले जाते. पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवेस १ भाग पेट्रोल लागते. इंधन याहून अधिक असल्यास मिश्रण दाट म्हणजे 'रिच' आणि कमी असल्यास विरळ म्हणजे 'लीन' समजले जाते. गळा मोठा ठेवल्यास कमी वेगात हवेची ओढ अपुरी पडते, तर लहान ठेवल्यास अधिक वेगात हवा कमी पडते. ही अडचण दूर करण्यासाठी एकाऐवजी अनेक कार्बुरेटर बसविण्याची पद्धत आली.

प्रकार

या रचनेचे मुख्यतः दोन प्रकार आहेत. पहिल्यात सर्व कार्बुरेटर एकाच वेळी व सारखेच उघडतात. दुसऱ्या, क्रमिक प्रकारात सामान्य चालीत एकच कार्बुरेटर काम करतो आणि अधिक शक्ती हवी असताना उर्वरित उघडतात. १९६४ च्या पाँटिॲक जीटीओ मोटारीत ३८९ घन इंची इंजिनावर तीन रोचेस्टर कार्बुरेटरांची 'ट्राय-पॉवर' रचना पर्याय म्हणून मिळत असे व तिची जाहीर शक्ती ३४८ अश्वशक्ती होती. क्रायस्लर कंपनीच्या ४२६ हेमी या इंजिनावर दोन कार्टर कार्बुरेटर असत. १९६९ मध्ये आलेल्या ४४० 'सिक्स पॅक' इंजिनावर तीन हॉली कार्बुरेटर असून त्यांतील कडेचे दोन इंजिनातील हवेच्या ओढीने उघडत.

पूर्वतयारी

कार्बुरेटरला हात लावण्यापूर्वी इंजिनाची इतर अंगे सुस्थितीत असल्याची खात्री करावी लागते. सिलिंडरांमधील दाब, व्हॉल्व्हमधील अंतर, स्पार्क प्लग आणि ठिणगीचे टायमिंग क्रमाने तपासले जाते. टायमिंग चुकीचे असताना मिश्रण बदलल्यास एक दोष दुसऱ्या दोषाने झाकला जातो. मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून बाहेरची हवा आत शिरत नाही ना, हेही पाहतात. पंपाचा इंधनदाब अशा इंजिनांवर साधारणतः दर चौरस इंचास ५ ते ६ पौंड ठेवतात. त्यानंतर प्रत्येक फ्लोट कक्षातील पेट्रोलची पातळी सारखी केली जाते.

कार्यपद्धती

१. कार्बुरेटरांना जोडणारे दांडे सोडवून प्रत्येकाची थ्रॉटल झडप स्वतंत्रपणे पूर्ण मिटते का, ते पाहतात.
२. मिश्रणाचे स्क्रू हलक्या हाताने तळाला टेकवून प्रारंभी साधारण दीड फेरा उलटे फिरवितात. स्क्रू जोराने आवळल्यास त्याच्या टोकास खाच पडते व पुढे अचूक जुळणी होत नाही.
३. इंजिन पूर्ण तापल्यावर, चोक उघडा असल्याची खात्री करून, प्रत्येक गळ्यावर हवाप्रवाहमापक ठेवतात आणि थ्रॉटलच्या स्क्रूने सर्वांची हवा सारखी करतात.
४. व्हॅक्यूम मापकाचा काटा सर्वाधिक व स्थिर राहील, अशा रीतीने मिश्रणाचे स्क्रू फिरवितात. मूळ स्थितीतील निरोगी इंजिनात संथ गतीला हे वाचन सामान्यतः १५ ते २० इंच पारा इतके असते. एका स्क्रूचा परिणाम इतरांवर होत असल्याने ही क्रिया दोन-तीनदा करावी लागते.
५. दांडे पुन्हा जोडताना त्यांची लांबी अशी ठेवतात की कोणतीही झडप ओढली जाऊ नये. नंतर इंजिन बंद ठेवून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर सर्व झडपा पूर्ण उघडतात व सोडल्यावर लगेच मिटतात, हे तपासतात.

क्रमिक रचनेत संथ गतीची जुळणी मुख्यतः मधल्या कार्बुरेटरवर होते. कडेच्या कार्बुरेटरांच्या झडपा त्या वेळी घट्ट मिटलेल्या असाव्या लागतात, अन्यथा तेथून शिरणाऱ्या हवेमुळे जवळच्या सिलिंडरांचे मिश्रण विरळ होते. हे कार्बुरेटर क्वचितच वापरले जात असल्याने त्यांतील पेट्रोल शिळे होऊन जेट चोंदतात. हा दोष संथ गतीला कळत नाही, मात्र पूर्ण भाराखाली विरळ मिश्रणामुळे पिस्टनला धोका पोहोचतो.

उंची आणि इंधन यांचा परिणाम

उंचीवर हवा विरळ असल्याने कार्बुरेटरचे मिश्रण दाट होते. पालघर जिल्ह्यातील जव्हार हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचीवर आहे. तेथे हवेची घनता किनाऱ्यापेक्षा सुमारे ४ टक्के कमी भरते आणि मिश्रण अंदाजे २ टक्के दाट होते. मुंबईत जुळविलेली गाडी जव्हार-मोखाडा परिसरात नेण्यासाठी जेट बदलण्याची गरज सहसा भासत नाही. सुमारे १,३५० मीटर उंचीवरील महाबळेश्वर येथे मात्र हाच फरक ६ ते ७ टक्क्यांपर्यंत जातो. घाट चढताना कमी वेग व जास्त भार यांमुळे इंजिन तापून नळीतील पेट्रोलची वाफ होणे, ही जव्हारसारख्या मार्गावरील अधिक संभवनीय अडचण होय.

इथेनॉलमिश्रित पेट्रोलचा परिणाम उंचीच्या उलट दिशेने होतो. २० टक्के इथेनॉल असलेल्या इंधनास पूर्ण ज्वलनासाठी वजनाने सुमारे १३.५ भाग हवा पुरते. त्यामुळे जुन्या जेटवर मिश्रण सुमारे ८ टक्के विरळ होते. जव्हारच्या उंचीमुळे त्यातील जेमतेम पाव हिस्सा भरून निघतो. ही तूट भरून काढण्यासाठी मुख्य जेटचा व्यास तत्त्वतः सुमारे ४ टक्के वाढवावा लागतो. इथेनॉलमुळे जुन्या रबरी नळ्या व गॅस्केट फुगतात किंवा तडकतात, म्हणून त्या बदलणे आवश्यक ठरते.

सुरक्षितता

चालू इंजिनाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड हा वायू रंगहीन, गंधहीन व प्राणघातक असल्याने हे काम बंद खोलीत करू नये. पेट्रोल गळत असताना इंजिन सुरू करू नये आणि अग्निशामक नळकांडे हाताशी ठेवावे. अडकलेला थ्रॉटल हा अपघाताचे कारण होऊ शकतो, म्हणून परतीच्या स्प्रिंगांची तपासणी अनिवार्य मानली जाते.

महाराष्ट्रातील संदर्भ

अमेरिकन मोटारींशी महाराष्ट्राचा संबंध जुना आहे. जनरल मोटर्स कंपनीने १९२८ मध्ये मुंबईतील शिवडी येथे मोटारींची जुळणी सुरू केली व १९५४ मध्ये ती थांबविली. वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात १९४७ पासून डॉज, प्लिमथ व डीसोटो मोटारी जुळविल्या जात. त्यानंतर आयातीवर कडक निर्बंध आल्याने १९६० च्या दशकातील मसल कार भारतात फारच थोड्या आल्या. प्रीमिअर पद्मिनीसह येथील बहुतेक गाड्यांवर एकच कार्बुरेटर होता. त्यामुळे दोन कार्बुरेटर जुळविण्याचा अनुभव अनेक कारागिरांना प्रथम १९८३ मध्ये आलेल्या राजदूत ३५० या दोन सिलिंडरी मोटारसायकलीवर मिळाला. या दुघाती इंजिनात प्रत्येक सिलिंडरास स्वतंत्र कार्बुरेटर असतो. दोन्ही केबल सारख्या ताणलेल्या नसल्यास एक सिलिंडर अधिक भार वाहतो.

सद्यःस्थिती

इंधन अंतःक्षेपण प्रणाली आणि एप्रिल २०२० पासूनचे भारत स्टेज-६ निकष यांमुळे नव्या गाड्यांतून कार्बुरेटर जवळजवळ नाहीसा झाला आहे. केंद्र शासनाने जुलै २०२१ मध्ये केलेल्या नियमांनुसार, पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या खासगी दुचाकी व चारचाकी वाहनांची 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी करता येते, मात्र त्यांचा नित्य वापर करता येत नाही. या नियमांमुळे जुन्या गाड्यांचे जतन शक्य झाले असले, तरी त्या चालत्या ठेवण्यासाठी लागणारे जुळणीचे कौशल्य मुख्यतः जुन्या पिढीतील कारागिरांच्या हाती उरले आहे. हे कौशल्य बव्हंशी उस्तादाकडून शागिर्दाकडे प्रत्यक्ष कामातून जात असल्याने प्रत्येक गाडीच्या जेटचे क्रमांक, स्क्रूचे फेरे व व्हॅक्यूमचे वाचन लिहून ठेवणे, हा त्याच्या जतनाचा सर्वांत सोपा उपाय होय.