चेस्टनटचे मरण आणि घडविलेले झाड

झाडांविषयी बोलावयास कामगार चळवळीतला माणूस कशाला, असा प्रश्न काही श्रोत्यांच्या मनात आला असेल. तो रास्तच आहे. आमची शाळा आठवीत सुटली. पुढचे शिकणे झाले ते पाळी संपल्यावर नगर वाचनालयाच्या बाकावर. पण आमच्या उमेदीची वर्षे कागदाच्या कारखान्यात गेली, आणि निलगिरी-सुबाभळीच्या ओंडक्यांचे ढीग ज्याने उपसले आहेत त्याला झाड म्हणजे केवळ सावली आणि पाखरे असे वाटत नाही. झाड म्हणजे कुणाची तरी मजुरी आणि कुणाची तरी मालकी. म्हणून जनुक बदलून घडविलेल्या झाडांचे बरेवाईट सांगताना आम्ही प्रयोगशाळेपासून आरंभ करीत नाही. जे झाड परत आणण्यासाठी एवढा खटाटोप झाला, त्या झाडापासून आणि त्यावर जगलेल्या माणसांपासून करतो.

अमेरिकेच्या पूर्वेस ॲपलेशियन नावाची लांबच लांब डोंगररांग आहे. या रांगेच्या अंगाखांद्यावर, उत्तरेस मेनपासून दक्षिणेस अलाबामापर्यंत, एके काळी चेस्टनटची झाडे होती. त्यांची संख्या तीन ते चार अब्ज असावी असा अंदाज आहे. डोंगरातला शेतकरी गरीब. पण शरद ऋतूत चेस्टनटच्या बिया झडू लागल्या म्हणजे त्याची डुकरे रानात फुकट पोसली जात, आणि पोरेबाळे पोती भरभरून बिया वेचीत. त्या दुकानदाराला देऊन मुलांचे बूट आणि घरातले मीठ-साखर येई. बिया आगगाडीने न्यूयॉर्कला जात आणि तेथल्या रस्त्यांवर भाजून विकल्या जात. लाकूड सरळ, हलके आणि लवकर न कुजणारे. त्याची कुंपणे झाली, तारेचे खांब झाले, रेल्वेचे स्लीपर झाले, खाणीतल्या छताचे धिरे झाले. सालीचा आणि लाकडाचा अर्क कातडी कमावण्याच्या कारखान्यांत जाई. पाळण्यापासून शवपेटीपर्यंत एकच लाकूड, असे तिकडचे लोक म्हणत, ते काही उगाच नव्हे. ज्या माणसाच्या नावावर जमिनीचा तुकडाही नव्हता, त्याची ही झाडे म्हणजे एक प्रकारची भविष्यनिधी होती.

१९०४ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयातील वनाधिकारी हर्मन मर्केल याला काही झाडांच्या साली फाटून फांद्या वाळताना दिसल्या. विल्यम मरिल या वनस्पतिशास्त्रज्ञाने लवकरच कारण शोधले: एक बुरशी. ती आली होती आशियातून, बहुधा तिकडून आणविलेल्या शोभेच्या रोपांबरोबर. १९१३ मध्ये फ्रँक मायर याला तीच बुरशी चीनमध्ये सापडली. तिथल्या चेस्टनटला तिची सवय होती, अमेरिकेतल्याला नव्हती. पेनसिल्व्हेनिया राज्याने १९११ मध्ये मंडळ नेमले, पावणेतीन लाख डॉलर मंजूर केले, रोगट झाडे तोडून जाळली. दोन वर्षांत मंडळच गुंडाळावे लागले. वाऱ्यावर आणि पाखरांच्या पायांवर फिरणाऱ्या बीजाणूला राज्याची सीमा ठाऊक नसते. १९५०च्या सुमारास चेस्टनटचे अरण्य म्हणून काही उरले नव्हते. जमीनमालकांनी मेलेली आणि मरू घातलेली झाडे तोडून लाकूड विकले. वेचणाऱ्यांच्या हाती मात्र रिकामे पोते राहिले. त्यांना नुकसानभरपाई मिळाली नाही, कारण त्यांचे कायद्याने काही गेलेच नव्हते.

आता विज्ञानाकडे वळू. ही बुरशी सालीच्या जखमेतून आत शिरते आणि ऑक्झॅलिक आम्ल सोडते. त्या आम्लाने सालीखालचा जिवंत थर मरतो. खोडाभोवती मेलेल्या थराचा फास पूर्ण झाला की वरचे झाड संपले. चिनी चेस्टनटशी संकर करून रोगप्रतिकारक वाण काढण्याचे काम १९८३ साली स्थापन झालेल्या अमेरिकन चेस्टनट फाउंडेशनने चिकाटीने चालविले. परंतु झाडाची एक पिढी म्हणजे काही वर्षे; माणसाचे आयुष्य चार-पाच पिढ्यांतच संपते. सिराक्यूजच्या सरकारी वनविद्या महाविद्यालयातील विल्यम पॉवेल आणि चार्ल्स मेनार्ड यांनी दुसरा रस्ता धरला. त्यांनी गव्हाचे एक जनुक चेस्टनटमध्ये घातले. या जनुकामुळे तयार होणारे द्रव्य ते आम्ल मोडून टाकते. यात बुरशी मरत नाही, तिच्या हातचे शस्त्र तेवढे बोथट होते. ही युक्ती आम्हांला मोठी समंजस वाटली. जे द्रव्य आपण पोळीत रोज खातो त्याच्याविषयी भयभीत होण्याचे कारणही आम्हांला दिसेना.

पण हीच विद्या दुसऱ्याच्या हाती काय होते तेही पाहिले पाहिजे. ब्राझीलमध्ये निलगिरीची अफाट लागवड आहे, आणि ती कागदाच्या लगद्यासाठी आहे. तेथल्या सुझानो या बड्या कागद कंपनीच्या फ्युचराजीन संस्थेने अधिक वेगाने वाढणारी निलगिरी घडविली. उत्पन्न सुमारे वीस टक्के जास्त आणि तोड सातऐवजी साडेपाच वर्षांत, असा दावा. मार्च २०१५ मध्ये भूमिहीन शेतमजुरांच्या चळवळीतील स्त्रिया मोठ्या संख्येने तिच्या रोपवाटिकेत शिरल्या आणि त्यांनी रोपे उखडून टाकली. पुढच्याच महिन्यात सरकारी आयोगाने त्या झाडाला परवानगी दिली. रोपे उखडणे आम्हांला पसंत नाही. यंत्रे फोडून कामगाराचे काही भले झाले नाही हे आमच्या चळवळीने फार पूर्वी शिकून घेतले आहे. परंतु त्या बायांचा प्रश्न जनुकाचा नव्हताच मुळी. जमीन लगद्याखाली, पाणी निलगिरीखाली, मधाच्या बाजाराला धोका, आणि वाढलेला वीस टक्के नफा कुणाच्या खिशात, हा प्रश्न होता. झाड लवकर वाढले म्हणून तोडणाऱ्याची मजुरी वाढते असे आम्ही तरी कोठे पाहिले नाही.

आपल्या देशातही २०२१ साली गुवाहाटीजवळ जनुक बदललेल्या रबराच्या झाडाची चाचणी-लागवड झाली. तेव्हा हा विषय परका राहिलेला नाही.

आता पुन्हा चेस्टनट. २०२० मध्ये 'डार्लिंग ५८' या झाडाला मोकळीक द्यावी असा अर्ज सरकारकडे गेला. पिकाच्या बाबतीत लोक म्हणतात, परागकण शेजारच्या शेतात जाता कामा नयेत. येथे हेतूच असा की हे झाड रानात पसरावे. एकदा सुटले की परत बोलावता येणार नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये पॉवेल वारले. पुढच्याच महिन्यात फाउंडेशनने जाहीर केले की आपण या झाडाचा पाठिंबा काढून घेत आहोत. तपासणीत असे आढळले होते की कित्येक वर्षे ज्यास ५८ म्हणून वाढविले, वाटले, मोजले, ते ५८ नव्हतेच. ते ५४ होते. त्यात गव्हाचे जनुक दुसऱ्याच रंगसूत्रावर, एका कामाच्या जनुकात जाऊन बसले होते. कित्येक रोपे खुरटी राहत होती आणि रोगाशी झुंजण्याची ताकदही एकसारखी नव्हती.

आमच्या कारखान्यात एकदा दोन पिंपांवरील चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती. तासाभरात लगद्याचा रंग बिघडला आणि चूक उघडी पडली. (ठपका अर्थात हमालावर आला.) झाडाच्या बाबतीत तो तास वर्षांचा होतो. येथे चूक सापडली, कारण रोपे अजून कुंपणाच्या आत होती, आणि ज्या संस्थेने आयुष्यभर या कामासाठी पैसा जमविला तिनेच उभे राहून ती बोलून दाखविली. लगदा कंपनीच्या हिशेबात असे बोलणारा कोण, हे आम्हांला अद्याप कोणी सांगितलेले नाही.

महाविद्यालयाने त्या झाडावरचे काम सोडले नाही; फाउंडेशन आपल्या संकरांकडे वळले. इकडे ॲपलेशियनच्या रानात जुन्या चेस्टनटची मुळे अजून जिवंत आहेत, कारण मातीखाली ती बुरशी त्यांना मारू शकत नाही. बुंध्यापासून कोंब फुटतो, मनगटाएवढा जाड होतो, साल फाटते, कोंब वाळतो. मग शेजारून दुसरा फुटतो.