उपासनेतील इलेक्ट्रिक गिटार : आवाजाची मर्यादा आणि ऐकण्याची व्यवस्था

सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांना ख्रिस्ती उपासना-संगीताची जुनी पार्श्वभूमी आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनच्या सेवेतून मुक्त होऊन साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. अभंग, ओवी आणि भजन या मराठी मनाला जवळच्या रचनाप्रकारांतून ख्रिस्तभक्ती व्यक्त व्हावी, हा त्यांचा ध्यास होता. सांगली जिल्ह्यातील मिरजेत डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेल्या रुग्णालयामुळे मिशनच्या कार्याला स्थैर्य आले. ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातील गीते मराठी मंडळ्यांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या पेटी-तबल्याच्या साथीने गायिली गेली.

गेल्या काही दशकांत मराठी मंडळ्यांमधील तरुणांच्या स्तुती-आराधनेत की-बोर्ड, ड्रम आणि इलेक्ट्रिक गिटार ही वाद्ये रुळली आहेत. त्यांतील गिटारचा प्रश्न काहीसा वेगळा आहे. पेटी हलक्या हाताने वाजवली तरी तिचा स्वर बदलत नाही. इलेक्ट्रिक गिटारचा स्वर मात्र निम्मा वाद्यात आणि निम्मा अ‍ॅम्प्लिफायरमध्ये घडतो आणि तो मनासारखा घडण्यासाठी अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज बराच वाढवावा लागतो. लहान सभागृहात जमलेल्या मंडळीच्या गायनावर याचा थेट परिणाम होतो. ‘डिजिटल मॉडेलर’ या उपकरणाने या अडचणीवर उपाय दिला. मात्र वादकाने स्वतःला आणि मंडळीला ऐकायचे कसे, हा दुसरा प्रश्न उभा केला. मॉडेलर विकत घेणाऱ्यांचे याच दुसऱ्या प्रश्नाकडे बहुधा दुर्लक्ष होते.

अ‍ॅम्प्लिफायर मोठा का वाजतो?

गिटारसाठी वापरल्या जाणाऱ्या बारा इंची स्पीकरला केवळ एक वॅट शक्ती दिली तरी एक मीटर अंतरावर साधारणपणे ९७ ते १०० डेसिबल आवाज निर्माण होतो. तीस वॅटचा व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण क्षमतेने चालवल्यास त्यात आणखी सुमारे १५ डेसिबलची भर पडते. समोरासमोरचे साधे बोलणे एक मीटरवर ६० डेसिबलच्या आसपास असते, हे लक्षात घेतले म्हणजे या आवाजाची कल्पना येते. व्हॉल्व्ह तापून आणि ताणून चालले की स्वराला गोलाई आणि किंचित खरखर येते. वादकाला हवी असते ती हीच. पण आवाज कमी केला की ती नाहीशी होते.

शिवाय या स्पीकरमधून उंच पट्टीचे स्वर एखाद्या झोतासारखे सरळ रेषेत बाहेर पडतात. त्या रेषेत बसलेल्यांच्या कानांना ते टोचतात, तर बाजूला बसलेल्यांना गिटार दबलेली वाटते. वादकाच्या पायाशी ठेवलेला अ‍ॅम्प्लिफायर त्याच्या गुडघ्यांकडे आवाज फेकतो आणि पुरेसे ऐकू येत नाही म्हणून वादक तो आणखी वाढवतो. मग गायकांचे माइक वाढवावे लागतात, पाठोपाठ ड्रमवादकाचा हात जड होतो. या चढाओढीत शेवटी मंडळीचाच आवाज हरवतो.

मॉडेलर म्हणजे काय?

मॉडेलर हा मुळात एक छोटा संगणक आहे. गिटारच्या तारांतून येणारा विद्युत संकेत तो सेकंदाला हजारो वेळा मोजून आकड्यांत उतरवतो. विशिष्ट अ‍ॅम्प्लिफायर, त्याचा स्पीकर आणि त्यासमोरचा माइक या तिघांनी मिळून त्या संकेताचे काय केले असते, याचे गणित तो करतो आणि उत्तर पुन्हा विद्युत संकेताच्या रूपात थेट मिक्सरकडे पाठवतो. त्यामुळे मंचावर एकही स्पीकर न वाजवता ताणून चालवलेल्या अ‍ॅम्प्लिफायरचा स्वर मिळतो आणि त्याची पातळी मिक्सरवरून हवी तेवढी ठेवता येते.

रोलँड कंपनीने १९९५ मध्ये ‘व्हीजी-८’ हे यंत्र आणले. ‘लाइन ६’ कंपनीचा लाल रंगाचा ‘पॉड’ १९९८ मध्ये आला आणि सामान्य वादकाच्या आवाक्यात हे तंत्र पोहोचले. पुढे २००६ मध्ये ‘अ‍ॅक्स-एफएक्स’, २०११ मध्ये खऱ्या अ‍ॅम्प्लिफायरची प्रतिमा टिपून घेणारा ‘केम्पर प्रोफायलर’ आणि २०१५ मध्ये ‘हीलिक्स’ ही यंत्रे आली. अलीकडच्या काही यंत्रांमध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेचे तंत्रही वापरले जाते. आज पायाने चालवण्याजोग्या लहानशा पेटीतही चांगला मॉडेलर मिळू शकतो.

सांगलीकरांना ही कल्पना तशी परकी वाटू नये. मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तरीही रोजच्या रियाजाला इलेक्ट्रॉनिक तानपुरा लावणारे अनेक आहेत. भोपळ्याच्या तानपुऱ्याचा नाद पेटीत शोधू नये, पण पेटीची सोय नाकारण्याचेही कारण नाही. मॉडेलरबाबतही हाच विवेक लागू पडतो.

ध्वनिव्यवस्थेशी जोडणी

मॉडेलरमधून निघालेली तार थेट मिक्सरला जोडताना काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. यंत्रातील स्पीकरचे अनुकरण चालू असलेच पाहिजे. गिटारचा खरा स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्‌झच्या वरचे स्वर फारसे बाहेर टाकत नाही. हे अनुकरण बंद राहिले, तर सभागृहाच्या मोठ्या स्पीकरमधून गिटार माशी गुणगुणल्यासारखी कर्कश ऐकू येते. खालच्या बाजूला गिटारच्या सर्वांत जाड तारेचा मूळ स्वर सुमारे ८२ हर्ट्‌झ असतो. त्यामुळे ८० ते १०० हर्ट्‌झच्या खालचा भाग कापला, तर बास आणि ड्रमला मोकळीक मिळते आणि गिटारचे काही बिघडत नाही.

मिक्सरवर त्या वाहिनीचा ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा बंद असावा. भिंतीतील वेगवेगळ्या सॉकेटांतून वीज घेतल्यामुळे पन्नास हर्ट्‌झची घूं ऐकू येत असेल, तर मॉडेलर आणि मिक्सर एकाच जागेवरून वीज घेतील असे पाहावे किंवा डीआय बॉक्सवरील ग्राउंड लिफ्टचे बटण वापरावे. अर्थिंगची पिन तोडण्याचा उपाय काही ठिकाणी केला जातो. तो जिवावर बेतू शकतो.

घरी हेडफोनवर बसवलेला स्वर सभागृहात वेगळाच ऐकू येतो, ही तक्रार सर्वत्र आढळते. त्याचे कारण यंत्रात नसून मानवी कानात आहे. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये दाखवून दिले, की आवाज लहान असताना कानाला खर्ज आणि तीव्र स्वर कमी जाणवतात. म्हणून घरी हे दोन्ही वाढवले जातात आणि सभागृहात तेच अंगावर येतात. सराव सभागृहातच, उपासनेच्या पातळीवर करणे हाच त्यावर खरा इलाज होय.

उपासनेच्या संदर्भात आणखी एक मुद्दा महत्त्वाचा आहे. शब्दांची स्पष्टता प्रामुख्याने दोन ते चार हजार हर्ट्‌झच्या पट्ट्यातील व्यंजनांवर अवलंबून असते आणि गिटारची धारही नेमकी त्याच पट्ट्यात असते. तेथे गिटार दोन-तीन डेसिबलने उतरवली तर शब्द वर येतात. गीताचे शब्द हीच जेथे शिकवण आहे, तेथे ही तडजोड वादकाने आनंदाने केली पाहिजे. महाबळेश्वर-पाचगणीकडील जुन्या दगडी चर्चसारख्या वास्तूत आवाज मुळातच घुमतो. तेथे मॉडेलरमधील कृत्रिम घुमारा जवळजवळ शून्यावर आणावा.

वादकाने स्वतःला ऐकायचे कसे?

अ‍ॅम्प्लिफायर गेला की वादकाचा ओळखीचा आधारही जातो. त्याच्या जागी तीन पर्याय उपलब्ध आहेत.

पहिला पर्याय मंचावर तिरपा ठेवलेला मॉनिटर स्पीकर. तो स्वस्त आणि सर्वांच्या परिचयाचा आहे. मात्र प्रत्येकाचा मॉनिटर वाढत गेला, की अ‍ॅम्प्लिफायर काढून मिळवलेली शांतता पुन्हा गमावली जाते आणि माइक शीळ घालू लागतात.

दुसरा पर्याय वादकासाठी स्वतंत्र, सर्व पट्ट्या सारख्या वाजवणारा पॉवर्ड स्पीकर. त्यामुळे अ‍ॅम्प्लिफायरजवळ उभे असल्याचा अनुभव मिळतो. तो वादकाच्या कानाच्या उंचीवर किंवा त्याच्याकडे तिरपा करून ठेवला, तर थोड्या आवाजात काम भागते. त्याचे तोंड मंडळीकडे मात्र असू नये.

तिसरा पर्याय कानात बसणारे इन-इअर मॉनिटर. नीट बसणारी जोडी बाहेरचा आवाज वीस डेसिबल किंवा त्याहूनही अधिक अडवते, त्यामुळे आत थोडक्या आवाजात सर्व स्पष्ट ऐकू येते. मंचाच्या शांततेच्या दृष्टीने हा पर्याय सर्वोत्तम होय. परंतु उपासनेच्या दृष्टीने त्यातच मोठी जोखीमही आहे. मैफलीत वादक रचनेप्रमाणे वाजवतो. उपासनेत त्याला मंडळीमागे जावे लागते. पाळकांनी एखादे कडवे पुन्हा घ्यायला सांगितले, मंडळीने लय संथ केली किंवा सारे मूक प्रार्थनेत गेले, तर कान बंद केलेल्या वादकाला त्याचा पत्ता लागत नाही. म्हणून मंडळीच्या दिशेने एक-दोन माइक लावून त्यांचा आवाज केवळ वादकांच्या कानांत सोडावा. सभागृहाच्या स्पीकरमध्ये तो जाऊ देऊ नये. पाळकांचा माइकही प्रत्येक वादकाच्या कानात असलाच पाहिजे. बाहेरचे ऐकू यावे म्हणून एका कानातील बोंडूक काढून ठेवण्याची सवय घातक आहे, कारण दुसऱ्या कानात मग आवाज नकळत वाढवला जातो.

श्रवणसंरक्षणासाठी सर्वत्र वापरला जाणारा एक निकष असा, की ८५ डेसिबलमध्ये दिवसाला आठ तास राहता येते आणि पुढे दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते. त्या हिशेबाने १०० डेसिबलला केवळ पंधरा मिनिटे उरतात. इन-इअर वापरताना मिक्सरवर लिमिटर लावणे म्हणूनच अनिवार्य मानावे.

क्षणभराचा विलंब

डिजिटल यंत्रांना गणितासाठी थोडा वेळ लागतो. आधुनिक मॉडेलर दोन ते पाच मिलिसेकंद घेतो. त्यात डिजिटल मिक्सर आणि वायरलेस यंत्रणेच्या विलंबाची भर पडते. हवेतून आवाजाला तीन मीटर अंतर कापायला सुमारे नऊ मिलिसेकंद लागतात, हे पाहता एका यंत्राचा विलंब नगण्य आहे. परंतु साखळीत तीन-चार डिजिटल दुवे झाले, की हात आणि कान यांची फारकत जाणवू लागते. गिटारसाठी साधी तार वापरली तरी त्यातील एक दुवा कमी होतो.

याहून व्यावहारिक प्रश्न विजेचा आहे. वीज जाऊन परत आली, की साधा अ‍ॅम्प्लिफायर थोडक्या वेळात बोलू लागतो. मॉडेलर आणि डिजिटल मिक्सर मात्र संगणकाप्रमाणे नव्याने सुरू व्हावे लागतात. भर गीतात इतका वेळ शांतता पसरणे टाळायचे, तर ही दोन्ही यंत्रे यूपीएसवर असावीत आणि एक साधी लाकडी गिटार जवळ तयार असावी.

कायद्याची चौकट

सभागृहाबाहेरच्यांच्या कानांचाही विचार आवश्यक आहे. ध्वनिप्रदूषण नियंत्रण नियम, २००० अन्वये निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री दहा ते सकाळी सहा या काळात बंदिस्त सभागृहासारखे ठरावीक अपवाद वगळता ध्वनिक्षेपकाला मनाई आहे. चेन्नईतील ‘चर्च ऑफ गॉड’ या मंडळीचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते. ड्रम, गिटार आणि ध्वनिक्षेपक यांच्या आवाजाला शेजाऱ्यांनी हरकत घेतली होती. इतरांची शांतता भंग करून प्रार्थना करावी असे कोणताही धर्म सांगत नाही, असा निर्वाळा न्यायालयाने ३० ऑगस्ट २००० रोजी दिला. मुंबई उच्च न्यायालयानेही जानेवारी २०२५ मध्ये ध्वनिक्षेपक हा धर्माचा अत्यावश्यक भाग नसल्याचे स्पष्ट केले. हे निकाल सर्वच धर्मांच्या उपासनेला सारखेच लागू पडतात. मंचावरील आवाज उगमापाशीच कमी करणारा मॉडेलर या दृष्टीनेही उपयुक्त ठरतो.

यंत्रापेक्षा माणूस महत्त्वाचा

मॉडेलरच्या किमतीचा विचार करणाऱ्या मंडळीने त्याबरोबरच मॉनिटर आणि मिक्सरवर बसणाऱ्या व्यक्तीचे प्रशिक्षण यांचाही हिशेब मांडला पाहिजे. अ‍ॅम्प्लिफायर असताना गिटारच्या आवाजाची सूत्रे वादकाच्या हाती होती. आता ती मिक्सरवाल्याकडे जातात. त्याला गीते पाठ असावीत, गिटारने पुढे यायच्या आणि मागे राहायच्या जागा ठाऊक असाव्यात. वादकानेही आपल्या साठवलेल्या सर्व स्वरांची पातळी सारखी करून ठेवावी, एकट्याने वाजवण्याच्या जागी ती जेमतेम तीन डेसिबलने वर असावी आणि एकदा ठरलेली पातळी परस्पर बदलू नये.

सारी जोडणी साधली की नाही, हे ओळखण्याची कसोटी साधी आहे. गीत चालू असताना शेवटच्या बाकावर जाऊन उभे राहावे. गिटारचे स्वर वेगळे ओळखू येत असतील, गीताचे शब्द कळत असतील आणि शेजारी गाणाऱ्याचा आवाजही कानी पडत असेल, तर व्यवस्था योग्य आहे. शेजाऱ्याचा आवाज ऐकू येत नसेल, तर कितीही उत्तम यंत्र असले तरी आवाज उतरवण्यास वाव आहे असे समजावे.